वाचून न दाखविलेला कागद
माननीय सार्वजनिक आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य, यांस अनावृत पत्र

महोदय,



बीड जिल्ह्यातील एका माध्यमिक शाळेत एकतीस वर्षे इंग्रजी शिकवून मी निवृत्त झाले, आणि निवृत्तीनंतर एक नवेच काम माझ्याकडे आपोआप चालत आले. ते असे की, गावात ज्या कोणाच्या घरी इंग्रजीतला एखादा कागद येतो, मग ती बँकेची नोटीस असो, विम्याचा मजकूर असो की दवाखान्याचा अहवाल असो, तो कागद घेऊन माणसे माझ्या ओसरीवर येतात आणि "बाई, यात काय लिहिलंय तेवढं सांगा" म्हणून समोर बसतात. प्रस्तुत पत्र अशाच एका कागदामुळे लिहावे लागत आहे. ते आपल्या कार्यालयाकडे खासगीरीत्या न धाडता जाहीरपणे लिहिते आहे, कारण त्यात जे निवेदन करावयाचे आहे ते आपल्या कानी जाणे जितके अवश्य आहे, तितकेच ते घरोघरच्या स्त्रियांच्या, त्यांच्या सासवांच्या आणि त्यांच्या नवऱ्यांच्या कानी जाणेही अवश्य आहे.

गेल्या उन्हाळ्यात, कारखाने बंद होऊन ऊसतोडीच्या टोळ्या गावी परतल्यानंतर, माझी एक जुनी विद्यार्थिनी घरी आली. शाळेत असताना दर साल दिवाळीनंतर ती आईबापांबरोबर फडावर जाई आणि परीक्षा उलटून गेल्यावर परत येई. आठवीतच तिची शाळा सुटली आणि तिचे लग्न झाले. आता ती २९ वर्षांची आहे, दोन लेकरांची आई आहे. कापडदुकानाच्या प्लॅस्टिकच्या पिशवीतून तिने काही कागद काढले. घडीवर घडी घालून ते घड्यांपाशी विरले होते, आणि विरलेल्या जागी कोणी तरी चिकटपट्टी लावली होती. दीड वर्षापूर्वी तालुक्याच्या ठिकाणच्या एका दवाखान्यात तिची 'पिशवी' काढली होती. तेव्हापासून कंबर धरते, रात्री अंगाची आग होऊन दरदरून घाम फुटतो, जीव घाबरा होतो, मोळी डोक्यावर घेतली की पाय लटपटतात, असे ती सांगत होती. आणि आपल्याला नेमका कोणता आजार झाला होता म्हणून ही पिशवी काढली, एवढेच तिला माझ्याकडून जाणून घ्यावयाचे होते.

मी कागद वाचला. सोनोग्राफीच्या अहवालात लिहिले होते की, गर्भाशयाच्या बाहेरच्या अंगास २.१ सेंटीमीटरची एक गाठ आहे, गर्भाशयाचे आतले अस्तर व दोन्ही अंडाशय प्राकृत आहेत. दुसऱ्या कागदावर शस्त्रक्रियेची नोंद होती. तीत गर्भाशयासह दोन्ही अंडाशय काढून टाकल्याचे लिहिले होते. "म्हणजे केवढी गाठ, बाई?" तिने विचारले. अंगणातल्या झाडाची बोरे सुपात वाळत होती. त्यांतले एक उचलून मी तिच्या तळहातावर ठेवले. ती बराच वेळ त्या बोराकडे पाहत राहिली. "मला तर सांगितलं होतं, गाठ ठेवली तर कॅन्सर होईल," एवढेच ती म्हणाली.

मी वैद्य नाही, आणि तिची शस्त्रक्रिया आवश्यक होती की अनावश्यक होती हा निवाडा करण्याचा अधिकार मला यत्किंचितही नाही. परंतु ज्या अहवालाच्या आधारे तिच्या देहातील तीन अवयव कायमचे गेले, तो अहवाल शस्त्रक्रियेपूर्वी कोणीही तिला तिच्या भाषेत वाचून दाखविला नाही, हे सत्य सांगण्यास वैद्यकीची पदवी लागत नाही.

त्या दिवसापासून मी या विषयाचा जमेल तेवढा अभ्यास केला, जाणत्या डॉक्टरांना भेटून शंका विचारल्या, आणि जे समजले ते माझ्याकडे कागद घेऊन येणाऱ्या स्त्रियांना समजेल अशा शब्दांत सांगू लागले. गर्भाशय हा मूळचा स्नायूंचा अवयव आहे. त्याच्या भिंतीतील एखादी स्नायुपेशी आपल्या नियमित मर्यादेबाहेर वाढू लागली म्हणजे तिच्यापासून जी घट्ट, गोल, रबरासारखी गाठ तयार होते तिला फायब्रॉईड म्हणतात. स्त्रीच्या शरीरातील इस्ट्रोजेन व प्रोजेस्टेरॉन ही संप्रेरके हे तिचे अन्न. म्हणून पाळी सुरू होण्यापूर्वी ती आढळत नाही, तिशी-चाळिशीत वाढते, आणि पाळी गेल्यावर बहुधा आपोआप आकसते. या गाठी इतक्या सार्वत्रिक आहेत की, अमेरिकेत झालेल्या एका प्रसिद्ध पाहणीत पन्नाशीपर्यंत गोऱ्या स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के आणि कृष्णवर्णीय स्त्रियांपैकी ८० टक्क्यांहून अधिक जणींना त्या असल्याचे आढळले. आणि त्यांतील पुष्कळ जणींना आपल्या पोटात असे काही आहे याची कधी जाणीवही नव्हती. गाठ आहे म्हणजे आजार आहे असे नव्हे, ही पहिली गोष्ट आपल्या आरोग्यखात्याने प्रत्येक उपकेंद्राच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवण्याजोगी आहे.

दुसरी गोष्ट जागेची. घराच्या भिंतीचा दाखला मी नेहमी देते. भिंतीतून एखादा फुगवटा आतल्या खोलीत आला तर खोलीत वावरणे कठीण होते, भिंतीच्या पोटातच राहिला तर भिंत जाड होते, आणि बाहेरच्या अंगणाकडे आला तर घरातल्या माणसांना त्याचा पत्ताही लागत नाही. तसेच या गाठींचे आहे. अस्तराखाली वाढून आतल्या पोकळीत डोकावणारी गाठ चिंचोक्याएवढी असली तरी पाळीत रक्ताचा पाट वाहवू शकते, गर्भ राहण्यास किंवा टिकण्यास अडथळा आणू शकते. उलट बाहेरच्या अंगास वाढलेली गाठ लिंबाएवढी झाली तरी वर्षानुवर्षे गप्प असते, आणि फारच मोठी झाली तर मूत्राशयावर दाब पडून घडोघडी लघवीस जावे लागते, नाही तर आतड्यावर दाब पडून शौचास त्रास होतो. सबब गाठ केवढी आहे याच्याइतकेच, किंबहुना अधिकच, ती कोठे आहे हे विचारावयास हवे. आणि माझ्या अनुभवात ते विचारणारी स्त्री शंभरांत एकही भेटली नाही, कारण विचारावयाचे असते हेच तिला कोणी सांगितलेले नसते.

कॅन्सरच्या भयाविषयी तर अधिक स्पष्ट लिहिणे मला माझे कर्तव्य वाटते. फायब्रॉईड ही कर्करोगाची गाठ नव्हे. गर्भाशयाच्या स्नायूंचा कर्करोग असतो, पण तो अत्यंत विरळ. फायब्रॉईड समजून काढलेल्या शेकडो-हजारो गाठींमागे एखादी तशी निघते, आणि साध्या गाठीचे रूपांतर होऊन तो होतो असेही सहसा घडत नाही. पाळी गेल्यानंतर गाठ वाढू लागली किंवा रक्त जाऊ लागले तर अविलंब तपासणी करावी, हे खरे. परंतु तिशीच्या आतल्या बाईला, तिच्या पोटात बोराएवढी गाठ आहे एवढ्याच कारणाने कर्करोगाचे भय घालणे ही गोष्ट वैद्यकीच्या कोणत्याही ग्रंथात बसत नाही.

आता, महोदय, थोडे स्वतःविषयी. हे लिहिताना मला संकोच होतो, पण ज्या गोष्टीचा सगळ्यांनी संकोच केला म्हणूनच ती इतकी वाढली, तिच्याविषयी लिहिताना संकोच बाजूस ठेवणे भाग आहे. वयाच्या एकेचाळिसाव्या वर्षी मला अंगावर फार जाऊ लागले. पाळी सात दिवसांची नऊ दिवसांवर गेली, वर्गात खुर्चीवर बसण्याची धास्ती वाटे म्हणून मी तासच्या तास उभ्याने शिकवी, एस.टी.च्या प्रवासात पिशवीत जुन्या लुगड्याच्या घड्या बरोबर असत. याच सुमारास मला कच्चे तांदूळ खाण्याची विलक्षण ओढ लागली. डब्यात हात घालून मी मूठ-मूठ तांदूळ तोंडात टाकी, आणि माझ्या सासूबाई, ज्यांची माझ्यावर पोटच्या लेकीसारखी माया होती, त्या मला रागे भरत की, "तांदूळ खाऊन खाऊन पांढरी पडली आहेस." गावोगाव हाच समज आहे. वस्तुतः कार्यकारणभाव नेमका उलटा असतो. रक्तातले लोह कमी झाले म्हणजे माणसाला तांदूळ, माती, खडू, बर्फ असले पदार्थ खावेसे वाटतात. तांदळाने मी पांढरी पडले नव्हते. पांढरी पडले होते म्हणून तांदूळ खात होते. तपासणी केली तेव्हा हिमोग्लोबिन ६.४ निघाले. प्रौढ स्त्रीला ते किमान १२ असावे लागते, आणि ८ च्या खाली तीव्र रक्तक्षय गणतात. मी वर्षभर जिना चढताना धापा टाकीत होते आणि ते वयाचे लक्षण समजत होते.

मलाही पहिल्या दवाखान्यात एकच सल्ला मिळाला: दोन मुले झाली आहेत, आता पिशवी ठेवून काय करावयाचे आहे? हे वाक्य, महोदय, मी त्यानंतर किती स्त्रियांच्या तोंडून ऐकले याची गणती नाही. शब्दसुद्धा बदलत नाहीत. जणू गर्भाशय ही मूल वाहून आणण्यापुरती उसनी घेतलेली वस्तू असून काम होताच ती परत करावयाची आहे. माझे भाग्य एवढेच की, मला नोकरी होती, पगारी रजा होती, वैद्यकीय खर्चाच्या प्रतिपूर्तीची सोय होती, आणि अहवाल स्वतः वाचता येत होता. दुसऱ्या शहरातल्या एका स्त्री-डॉक्टरांनी तो पाहून सांगितले की, गाठ एकच आहे आणि ती आतल्या पोकळीत आहे; योनिमार्गाने दुर्बीण घालून ती काढता येईल, पोटावर टाकाही पडणार नाही. आधी लोहाची सलाईन देऊन रक्त भरून आणले, मग गाठ काढली, आणि दुसऱ्या दिवशी मी घरी आले. माझी पाळी पुढे दहा वर्षे सुरळीत चालून आपल्या वेळी गेली. माझी गाठ माझ्या विद्यार्थिनीच्या गाठीपेक्षा मोठी होती.

या दोन कहाण्यांत जे अंतर आहे ते शरीराचे नाही. ते पगाराचे, रजेचे आणि वाचता येण्याचे अंतर आहे. ऊसतोडीत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो. मुकादमाकडून हंगामाआधी उचल घेतलेली असते. एक दिवस खाडा झाला तर मजुरी बुडते ती बुडतेच, वर दंडही कापून घेतात. फडावर आडोसा नाही, कोपीपाशी पाण्याची चणचण, आणि पहाटे तीनला उठून गाडी भरावयाची. अशा बाईला दर महिन्याला चार-पाच दिवस रक्त वाहू लागले तर तिला पाळी हाच शत्रू वाटू लागावा यात नवल काय? तेव्हा कोणी "एकदाची काढून टाक, कटकट जाईल" असे म्हटले तर ती उचलीतले पैसे मोडून, नाही तर नवे कर्ज काढून, ती कटकट घालविते. आपण तिच्या संमतीपत्रावरील अंगठ्याला संमती म्हणतो. मला ती संमती वाटत नाही.

बीड जिल्ह्याची ही गोष्ट आपल्याला नवी नाही. २०१९ साली डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीसमोर जी पाहणी आली, तीत जिल्ह्यातील ८२,३०९ ऊसतोड महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले असल्याचे नोंदले गेले. म्हणजे दर सहा बायकांमागे एक. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणे साऱ्या देशात १५ ते ४९ वयाच्या स्त्रियांत हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. पुढे, बिहार, छत्तीसगड व राजस्थान येथील अशाच प्रकारांसंबंधी डॉ. नरेंद्र गुप्ता यांनी दाखल केलेल्या जनहित याचिकेवर ५ एप्रिल २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निकाल देऊन, केंद्र शासनाने २०२२ साली केलेली मार्गदर्शक तत्त्वे सर्व राज्यांनी तीन महिन्यांत अमलात आणावीत, असा हुकूम केला. ती तत्त्वे राज्य व जिल्हा पातळीवर देखरेख समित्या नेमण्यास सांगतात. तत्त्वे आहेत, हुकूम आहे, समित्या आहेत. परंतु देखरेख म्हणजे नोंदवहीत काय लिहिले आहे ते पाहणे; बाईला काय सांगितले गेले हे नोंदवहीत कोठेच उतरत नाही.

हे लिहिताना मी शस्त्रवैद्यांची निंदा करीत आहे असा कोणी समज करून घेऊ नये. काही गाठी खरोखरच नारळाएवढ्या वाढतात, काहींची संख्या मोजण्यापलीकडची असते, काही स्त्रियांना औषधांनी उतार पडत नाही; अशा स्त्रीने, सर्व समजून, गर्भाशय काढण्याचा निर्णय घेतला तर ती शस्त्रक्रिया तिच्या आयुष्यात सुख आणते, आणि असे सुख झालेल्या मैत्रिणी मला आहेत. माझे म्हणणे निराळे आहे. आमच्या गावाकडच्या स्त्रीपुढे दोनच वाटा ठेवल्या जातात, एक सोसण्याची आणि दुसरी काढून टाकण्याची. या दोहोंच्या मधला जो विस्तीर्ण प्रदेश आहे तो तिला दाखविलाच जात नाही.

तो प्रदेश काही आजकालचा नाही. व्हिक्टर बॉनी नावाचे लंडनचे एक शस्त्रवैद्य होऊन गेले. विसाव्या शतकाच्या आरंभी त्यांच्या पत्नीस अतिरक्तस्राव होऊन तीव्र रक्तक्षय झाला, तिचे गर्भाशय काढण्यात आले, आणि नंतर पाहतात तो त्यात एकच गाठ होती. त्या दांपत्यास मूल झाले नाही. बॉनींनी पुढचे आयुष्य गर्भाशय राखून केवळ गाठी काढण्याची शस्त्रक्रिया परिपूर्ण करण्यात वेचले. शस्त्रक्रियेत रक्त कमी जावे म्हणून त्यांनी केलेला चिमटा त्यांच्याच नावाने ओळखला जातो, आणि एका स्त्रीच्या गर्भाशयातून त्यांनी २२५ गाठी काढून ते गर्भाशय पुन्हा शिवून ठेवल्याची नोंद आहे. रक्तपेढ्या आणि प्रतिजैविके यांचा आजच्यासारखा आधार नसतानाच्या काळात हे काम त्यांनी आरंभिले. मग आज एका बोरासाठी गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही का जावेत?

अंडाशयांचा उल्लेख मी मुद्दाम पुन्हा करते. गर्भाशय गेले तर पाळी थांबते. अंडाशय गेले तर तिशीच्या आतच एका रात्रीत रजोनिवृत्ती येते. माझ्या विद्यार्थिनीची ती रात्रीची आग, तो घाम, ती कंबर हे सर्व त्याचेच परिणाम आहेत. हाडे अकाली ठिसूळ होतात, हृदयविकाराचा धोका वाढतो, आणि ज्या कष्टासाठी तिने पिशवी काढविली तेच कष्ट पुढे तिच्या हातून होत नाहीत. तिला शस्त्रक्रियेनंतर संप्रेरकांची एक गोळीही कोणी लिहून दिली नव्हती.

आता मागणे. रक्तस्राव कमी करणारी ट्रानेक्झॅमिक आम्लाची गोळी महाग नाही. ती पाळीच्या दिवसांतच घ्यावयाची असते. लोहाच्या गोळ्या आपली केंद्रे आजही फुकट देतात. गर्भाशयात बसविण्याचे, संप्रेरक सोडणारे तांबीसारखे एक साधन आहे. योग्य स्त्रीला ते बसविले तर पाच वर्षे रक्तस्राव आटोक्यात राहतो. याखेरीज गाठ तात्पुरती आकसविणारी इंजेक्शने आहेत, गाठीचा रक्तपुरवठा नळीवाटे बंद करण्याची रीत पॅरिसहून १९९५ साली प्रसिद्ध झाली तिलाही आता तीस वर्षे झाली, आणि दुर्बिणीने किंवा पोट उघडून निव्वळ गाठ काढणे तर आहेच. हे सगळे मुंबई-पुण्याला मिळते. यातले पहिले तीन उपाय ग्रामीण रुग्णालयात मिळावेत, आणि गाठ तेवढी काढण्याची सोय प्रत्येक जिल्हा रुग्णालयात व्हावी, तिथल्या डॉक्टरांना तिचे शिक्षण मिळावे, एवढी तजवीज आपल्या खात्याच्या अधिकारातली आहे.

महाराष्ट्रातील १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयी आहेत, राष्ट्रीय पाहणीने हा आकडा ५४ टक्क्यांवर नोंदविला आहे. आणि आशाताई घरोघर जाऊन त्यांना गोळ्या वाटतात. आपण आशाताईंच्या वहीत आणखी एकच रकाना वाढवावा: पाळी किती दिवस चालते आणि किती घड्या लागतात. भांड्याला भोक असेल तर वरून कितीही पाणी ओतून ते भरत नाही, हे कोणत्याही गृहिणीला ठाऊक आहे. पण हा प्रश्न आजवर कोणी विचारीत नाही, आणि न विचारता आमच्या बायका सांगत नाहीत.

आणि सर्वांत आधी, माझ्या हातून होण्याजोगे काम आपल्या खात्याने आपले म्हणून पत्करावे. गर्भाशयाच्या सोनोग्राफीचा प्रत्येक अहवाल, सरकारी असो की खासगी, मराठीत द्यावा असे बंधन घालावे: गाठी किती, केवढ्या, कोठे, त्यांच्यापासून आज धोका आहे की नाही, आणि शस्त्रक्रियेवाचून कोणते उपाय आहेत. तो कागद सही-अंगठ्यापूर्वी बाईला वाचून दाखवावा, आणि वाचून दाखविणाऱ्याने खाली आपले नाव लिहावे. चाळिशीच्या आतील प्रत्येक स्त्रीला शस्त्रक्रियेपूर्वी दुसऱ्या डॉक्टरांचे मत फुकट आणि तिच्या तालुक्यातच मिळावे. अंडाशय काढावयाचे असतील तर त्याचे कारण निराळे लिहावे आणि त्याची संमती निराळी घ्यावी.

माझी विद्यार्थिनी आता दर महिन्याला जिल्ह्याच्या ठिकाणी औषधाला जाते. तिची धाकटी जाऊ २४ वर्षांची आहे, तिलाही अंगावर जाते, आणि ती यंदा कोयता घेऊन फडावर जाणार आहे. दिवाळी सरली की टोळ्यांच्या गाड्या भरू लागतील. त्या निघण्यापूर्वी तिची तपासणी व्हावी, आणि जो कागद निघेल तो तिला तिच्या भाषेत मिळावा, ही विनंती.

आपली नम्र,
एक निवृत्त शिक्षिका
बीड जिल्हा